टवाळीस, जिने वैमानिकांची तोंडं शिवली

टवाळी,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची आपल्याकडे रीत आहे. तो मी मुद्दाम गाळला आहे. तुझ्यापुढे हात जोडावेत असं तू काहीही केलेलं नाहीस. पत्र खुलं ठेवलंय, कारण तुझा एक पत्ता नाही. तू लढाऊ विमानांच्या स्क्वाड्रनमध्ये असतेस, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत असतेस, सरकारी खात्यांत असतेस, आणि कोणी ‘उडती तबकडी’ एवढं म्हणायचा अवकाश, आमच्या दिवाणखान्यातही दात काढत हजर होतेस.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. परग्रहावरून कोणी येऊन लष्करी विमानांभोवती पिंगा घालतंय, असं मी मानत नाही. तसा पुरावा आजवर पुढे आलेला नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने मार्च २०२४ मध्ये १९४५ पासूनच्या सरकारी चौकशांचा आढावा प्रसिद्ध केला, त्यातही तो सापडला नाही. तेव्हा मला ‘तबकडीवाली’ म्हणून उडवून लावायचा तुझा नेहमीचा डाव इथे चालणार नाही. मी भांडतेय ते एका माणसासाठी. त्याने आकाशात काहीतरी पाहिलं, ते काय होतं हे त्याला कळलं नाही, आणि खाली उतरल्यावर तुझ्या धाकाने त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली.

ज्या शब्दावर तू पाऊणशे वर्षं हसते आहेस, तो शब्दसुद्धा चुकून जन्मलेला आहे. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड हा खासगी वैमानिक माउंट रेनियर पर्वताजवळून उडत होता. त्याला नऊ चकाकत्या वस्तू दिसल्या. पाण्यावर बशी फेकली की ती टप्पे घेत जाते, तशा त्या जात होत्या, असं त्याने सांगितलं. त्याने वर्णन केलं चालीचं. वर्तमानपत्रांनी त्याचा आकार करून टाकला. वैमानिक काय म्हणाला ते नीट ऐकायचंही नाही, ही तुझी खोड पहिल्या दिवसापासूनची.

आता थॉमस मँटेल. ७ जानेवारी १९४८. केंटकी एअर नॅशनल गार्डचा हा पंचवीस वर्षांचा कॅप्टन दुसऱ्या महायुद्धात उडालेला होता. तो एफ-५१ मस्टँग विमानांची तुकडी घेऊन चालला असताना गॉडमन तळाच्या टॉवरवरून विचारणा झाली: आकाशात काहीतरी मोठं दिसतंय, जरा बघता का? मँटेल वर चढू लागला. तेवढ्या उंचीसाठी लागणारा ऑक्सिजन त्याच्याकडे नव्हता. सोबतचे वैमानिक साडेबावीस हजार फुटांच्या आसपास मागे फिरले. तो चढतच राहिला, विरळ हवेत शुद्ध हरपली, आणि विमान फ्रँकलिन गावाजवळ कोसळलं. हवाई दलाने आधी सांगितलं, की तो शुक्राच्या मागे लागला होता. काही वर्षांनी जास्त पटणारं उत्तर पुढे आलं: नौदलाचा ‘स्कायहूक’, फार उंचावर जाणारा प्लास्टिकचा प्रचंड फुगा. तो प्रकल्प गुप्त होता. टॉवरवरच्या लोकांना त्याची माहिती नव्हती, मँटेललाही नव्हती. एक अनुभवी वैमानिक आपल्याच देशाच्या फुग्याचा पाठलाग करत गेला, आणि तू त्याच्या नावावर शुक्राची चिठ्ठी डकवलीस. मेलेल्या माणसालाही तू सोडलं नाहीस.

तू पावसाळ्यातल्या गवतासारखी आपोआप उगवलीस, असं समजायला मी तयार होते. पण तसं नाही. तुला पेरलेलं आहे. जानेवारी १९५३ मध्ये सीआयएने भौतिकशास्त्रज्ञ एच. पी. रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती बसवली. लुई अल्वारेझसारखे मोठे शास्त्रज्ञ तिच्यात होते. त्यांची चिंता खोटी नव्हती. सोव्हिएत युनियनने ऐन हल्ल्याच्या वेळी अशा खबरींचा पूर आणला, तर हवाई संरक्षणाची यंत्रणा तुंबेल, असं त्यांना वाटत होतं. पण त्यावर उपाय काय सुचवला? लोकांच्या मनातून या विषयाची हवा काढून घ्यायची, आणि त्यासाठी दूरचित्रवाणी, चित्रपट, मानसशास्त्रज्ञ अशी सगळी साधनं वापरायची. त्यात वॉल्ट डिस्नीच्या कंपनीचंही नाव होतं. निरीक्षकांना अधिक चांगलं प्रशिक्षण द्या, असंही त्या समितीने सुचवलं होतं. ती शिफारस मागे पडली आणि हवा काढून घेण्याची तेवढी अंगवळणी पडली. शहाण्या माणसांनी चार दिवसांच्या बैठकीत जे पेरलं, त्याचं पीक तू दोन पिढ्या काढलंस.

तुझा फायदा कुणाला झाला, तेही लिहून ठेवते. ऑगस्ट १९५५ पासून यू-२ हे हेरगिरीचं विमान साठ हजार फुटांच्या वर उडू लागलं. त्या काळी प्रवासी विमानं दहा ते वीस हजार फुटांवर असायची. संध्याकाळी खालच्या विमानासाठी सूर्य मावळलेला असे, आणि कितीतरी वर त्या रुपेरी पंखांवर ऊन पेटलेलं असे. वैमानिकांनी ते पाहिलं, कळवलं. अशा खबरी तपासणाऱ्या हवाई दलाच्या ‘ब्लू बुक’ प्रकल्पातले लोक सीआयएकडे विचारणा करून कोणती नोंद यू-२ची हे ओळखत. पण ते सांगता येत नसे, म्हणून बाहेर बर्फाच्या कणांची आणि तापमानाच्या उलट्या थरांची कारणं दिली जात. हे सगळं एका सरकारी इतिहासकाराने १९९७ मध्ये सीआयएच्याच नियतकालिकात लिहिलं आहे. पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून साठच्या दशकभर आलेल्या निम्म्याहून जास्त खबरी या गुप्त विमानांच्याच होत्या, असा त्याचा दावा आहे. निम्म्या होत्या की नाही, याबद्दल अभ्यासकांत वाद आहे; पण वैमानिकांचे डोळे ठीक होते, यात वाद नाही. खरं पाहिलेल्या माणसाला खोटं उत्तर दिलं गेलं, आणि त्याने पुन्हा विचारू नये यासाठी दारात तुला बसवलं गेलं. ब्लू बुक १९६९ मध्ये गुंडाळला, तेव्हा त्याच्या दप्तरात १२,६१८ नोंदी होत्या आणि त्यांतल्या ७०१ उत्तराविना पडून होत्या.

तुझी ताकद नेमकी कशात आहे, ते वैमानिकाला विचार. त्याचं उडणं त्याच्या कौशल्यावर जेवढं, तेवढंच वैद्यकीय प्रमाणपत्रावर अवलंबून असतं. ‘याला भास होतात’ एवढे तीन शब्द फाइलवर चढले, की तो जमिनीवर बसला. मिल्टन टॉरेस यांची गोष्ट तुला ठाऊक असेल. २० मे १९५७च्या रात्री इंग्लंडमधल्या मॅन्स्टन तळावरून हा तरुण अमेरिकी वैमानिक एफ-८६डी सेबर घेऊन उडाला. त्याला सांगितलं होतं, रडारवर दिसणाऱ्या लक्ष्यावर चोवीसच्या चोवीस रॉकेट डाग. रडारच्या पडद्यावर विमानवाहू जहाजाएवढा भलामोठा ठिपका होता. डोळ्यांना काहीच दिसलं नाही. मग तो ठिपका भयंकर वेगाने निघून गेला. दुसऱ्या दिवशी साध्या वेशातला एक माणूस आला आणि बजावून गेला, की बोललास तर उडणं बंद. टॉरेस यांनी ते कित्येक वर्षं पोटात ठेवलं. ब्रिटनने ती कागदपत्रं २००८ मध्ये खुली केली. शत्रूच्या रडारला फसवण्याचे प्रयोग त्या काळी चालत, त्यातलाच हा एक असावा, असं काही अभ्यासक म्हणतात. तसं असेल तर त्या वैमानिकाला एका ओळीत सांगता आलं असतं.

माझा सगळ्यात जास्त संताप मात्र २००४च्या घटनेवर आहे, कारण तेव्हा तुझ्यापाशी शीतयुद्धाचं निमित्तसुद्धा नव्हतं.

१४ नोव्हेंबर. सॅन डिएगोच्या नैर्ऋत्येला, पॅसिफिकवर, निमिट्झ या विमानवाहू नौकेचा ताफा सराव करत होता. ताफ्यातल्या प्रिन्सटन या क्रूझरच्या रडारवर काही दिवसांपासून अनोळखी ठिपके येत होते. त्या दिवशी दोन सुपर हॉर्नेट विमानं सरावातून वळवून तिकडे धाडली. एकात स्क्वाड्रनचे प्रमुख कमांडर डेव्हिड फ्रेव्हर, दुसऱ्यात अ‍ॅलेक्स डीट्रिच, आणि दोघांच्याही मागच्या आसनावर एकेक अधिकारी. चार माणसं, आठ डोळे. आभाळ निरभ्र, समुद्र शांत, फक्त एका ठिकाणी पाणी खडकावर फुटल्यासारखं खळबळलेलं. त्याच्यावर एक पांढरी वस्तू, टिकटॅक गोळीच्या आकाराची, साधारण चाळीस फूट लांब, पंख नसलेली, धूर न सोडणारी. फ्रेव्हर गिरकी घेत खाली उतरू लागले, तशी ती समोरून वर येऊ लागली. त्यांनी मधून कापून तिला गाठायचा प्रयत्न केला, आणि ती नजरेसमोरून गेली. नंतर उडालेल्या दुसऱ्या विमानाने इन्फ्रारेड कॅमेऱ्यात काहीतरी टिपलं.

अशा वेळी काय करायचं असतं? चौघांना त्याच संध्याकाळी वेगवेगळं बसवून जबान्या घ्यायच्या. प्रिन्सटनच्या रडारच्या नोंदी कुलपात ठेवायच्या. वारा, तापमान, आसपासची जहाजं, स्वतःच्याच देशाच्या चाचण्या, सगळं तपासायचं. एवढं केलं असतं तर उत्तर कदाचित आठवड्यात मिळालं असतं, मग ते क्षेपणास्त्र निघो, की रडारचा दोष, की आणखी काही. पण चौघं जहाजावर परतण्याआधी तू तिथे पोचली होतीस. जहाजावरच्या टीव्हीवर परग्रहवासीयांचे सिनेमे लावले गेले. हसाहशी झाली. वरिष्ठांनी पुढे खोलात चौकशी केली नाही, आणि ताफा पर्शियन आखाताकडे निघून गेला. जगासमोर ही गोष्ट आली डिसेंबर २०१७ मध्ये, न्यूयॉर्क टाइम्समधून. तेरा वर्षं! तेरा वर्षांनी साक्षीदाराची आठवणही बदलते; आज चौघांच्या सांगण्यातले बारीक फरक हुडकून तू परत हसतेस. त्या आठवणी ताज्या असताना लिहून घेऊ दिल्या नाहीस, आणि आता शिळ्या झाल्या म्हणून नाक मुरडतेस? डीट्रिच यांनी २०२१ मध्ये ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमात जे सांगितलं, त्याचा आशय असा, की हे एकटीनेच पाहिलं असतं तर परत येऊन तोंड उघडलं असतं की नाही, शंकाच आहे. प्रशिक्षित नौदल वैमानिक, लढाईसाठी पाठवली जाणारी स्त्री, हे बोलते. शत्रूला न घाबरणारी माणसं तुला घाबरतात.

मग दहा वर्षांनी दुसऱ्या किनाऱ्यावर तेच. २०१४ मध्ये व्हर्जिनिया बीचवरच्या स्क्वाड्रनच्या विमानांना नवी, जास्त तीक्ष्ण रडार बसली, आणि रोजच्या सरावाच्या हद्दीत अनोळखी वस्तू दिसायला लागल्या. आधी सगळ्यांना वाटलं यंत्राचा दोष आहे. मग त्याच जागी इन्फ्रारेड कॅमेराही बोट दाखवू लागला. त्या स्क्वाड्रनमधले तेव्हाचे लेफ्टनंट रायन ग्रेव्हज यांनी जुलै २०२३ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे शपथेवर जे सांगितलं त्यात हा प्रसंग आहे: दोन विमानं जोडीने चालली असताना पारदर्शक गोलाच्या आत काळपट घन असावा अशी एक वस्तू दोघांच्या मधून गेली, पुढच्या विमानापासून पन्नास फुटांच्या आत. पन्नास फूट म्हणजे आपल्या एसटी बसच्या लांबीपेक्षा थोडंसंच जास्त. स्क्वाड्रनने सुरक्षिततेचा अहवाल पाठवला. त्याची साधी पोच आली नाही.

ते वर्णन ऐकून काहींना रडारचे किरण परतवणारा फुगा आठवला. असेलही. पण लढाऊ विमानाच्या वेगाला फुगा काचेवर आदळला काय किंवा इंजिनात गेला काय, माणूस मरतो. ‘एलियन होते का’ हा एकच प्रश्न तू जगाला शिकवलास, त्यामुळे ‘विमान आदळलं असतं का’ हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणांनी जो अहवाल दिला, त्यात १४४ नोंदी होत्या. त्यांतल्या एकीचाच उलगडा खात्रीने झाला: हवा गेलेला मोठा फुगा. अकरा नोंदींत वैमानिकांनी टक्कर होता होता टळल्याचं म्हटलं होतं. आणि त्याच अहवालाने साफ लिहिलं, की बदनामीची भीती नोंदी गोळा करण्याच्या आड येते. तुझं नाव तेवढं लिहायचं राहिलं होतं, ते मी लिहिते आहे.

तबकड्यांवर आंधळा विश्वास ठेवणाऱ्यांना आवर घालायला आपण हव्या, असं तू सांगतेस. मग ‘गोफास्ट’चं घे. जानेवारी २०१५ मध्ये टिपलेल्या त्या चित्रफितीत एक ठिपका समुद्राला चाटून सुसाट जाताना दिसतो. वैमानिकांचा आनंदाने ओरडण्याचा आवाजही त्यात आहे. विश्वास ठेवणारे त्याला चमत्कार म्हणाले, तू हसलीस, आणि दोघांनीही गणित केलं नाही. ज्यांनी केलं, त्यांना उत्तर मिळालं. नासाने नेमलेल्या अभ्यासगटाने सप्टेंबर २०२३ मध्ये कॅमेऱ्याच्या पडद्यावर उमटलेले आकडे घेतले, शाळेतली त्रिकोणमिती लावली, आणि दाखवलं, की ती वस्तू समुद्रालगत नव्हती, १३,००० फुटांवर होती, आणि ताशी ४० मैलांच्या आसपास, म्हणजे वाऱ्याबरोबर जाईल इतक्या वेगाने सरकत होती. सुसाट होतं ते कॅमेरा घेऊन जाणारं विमान. धावत्या रेल्वेतून जवळचा खांब मागे पळतो तसा तो भास. अंधश्रद्धेची हवा त्या त्रिकोणाने काढली. तुला एकही कोन मोजता आलेला नाही. तुला फक्त दात दाखवता येतात.

आणि ज्या सुरक्षेच्या नावाने तुला पेरलं, तिचं काय झालं? २०२३च्या जानेवारीअखेर चीनचा फुगा अमेरिकेच्या आकाशात शिरला, देशभर फिरला, आणि ४ फेब्रुवारीला दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यापलीकडे पाडला गेला. त्यानंतर त्या खंडाच्या हवाई संरक्षणाच्या प्रमुखाने कबूल केलं, की आधीचे असे फुगे आम्हाला दिसलेच नव्हते. मग घाईघाईने रडारच्या चाळण्या सैल केल्या, आणि तीन दिवसांत आणखी तीन वस्तू पाडल्या. त्या बहुधा कोणा खासगी संस्थांच्या किंवा हौशी लोकांच्या असाव्यात, असं राष्ट्राध्यक्षांनाच सांगावं लागलं. आधी काहीच बघायचं नाही, मग साप समजून भुई धोपटायची! त्याच वर्षी डिसेंबरमध्ये व्हर्जिनियातल्या लँग्ली तळावर सतरा रात्री अनोळखी ड्रोन घिरट्या घालत होते. ग्रेव्हज यांच्या स्क्वाड्रनचा किनारा तिथून जवळच आहे.

आमच्या इकडेही तू येऊन गेलीस. २०१२च्या ऑगस्टपासून पुढचे सहा महिने लडाखमध्ये, पँगाँग सरोवराच्या परिसरात, आमच्या जवानांनी आकाशातल्या तेजस्वी वस्तूंच्या ३२९ नोंदी केल्या. सीमेपलीकडून चीनचे ड्रोन येताहेत अशी शंका होती. भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या नोंदी तपासल्या आणि २०१३ मध्ये उत्तर दिलं: शुक्र आणि गुरू. त्या उंचीवरच्या स्वच्छ हवेत ग्रह डोळ्यांत भरतात. भारतीय सैन्य ग्रहांना ड्रोन समजलं, म्हणून जगभरच्या वर्तमानपत्रांत तू फिदीफिदी हसलीस. मला त्या जवानांचा अभिमान वाटतो. हाडं गोठवणाऱ्या थंडीत त्यांनी दिसलं ते लिहिलं, तेही ३२९ वेळा. ती वही होती म्हणून शास्त्रज्ञांना आकाशाच्या नकाशाशी ताळा घालता आला. तुझ्या धाकाने वही कोरी राहिली असती, तर ती शंका आजही तिथल्या चौक्यांवर बसून असती.

आणि परग्रहांचा प्रश्नच मुळात हास्यास्पद आहे, असं तू म्हणणार असशील, तर पुण्याला ये. जयंत नारळीकरांनी हा प्रश्न आयुष्यभर मान ताठ ठेवून विचारला. सूक्ष्मजीव अवकाशातून पृथ्वीवर येत असतील का, हे तपासायला त्यांच्या मार्गदर्शनाखाली हैदराबादहून फुगे सोडले गेले, ४१ किलोमीटरपर्यंतची हवा निर्जंतुक नळकांड्यांत बंद करून खाली आणली गेली. २००९ मध्ये तीन नव्या जिवाणूंची घोषणा झाली, आणि त्याच दमात हेही सांगितलं गेलं, की ते पृथ्वीबाहेरचे आहेत असं यावरून सिद्ध होत नाही. प्रश्न मोठा, पुरावा मोजका, उत्तर प्रामाणिक. त्या वाटेवर तुला उभं राहायला जागा कुठे आहे?

१९ नोव्हेंबर २०२३ ला, रविवारी, इम्फाळच्या विमानतळाजवळ अनोळखी वस्तू दिसली. काही तास उड्डाणं थांबली. भारतीय हवाई दलाने आपली यंत्रणा हलवली. राफेल विमानं शोधाला गेल्याच्या बातम्या आल्या, आणि ती छोटी वस्तू नंतर दिसली नाही, असं हवाई दलाच्या पूर्व विभागाने जाहीर केलं. म्हणजे हे आता आमच्या पोरांच्या कॉकपिटपर्यंत आलेलं आहे.

म्हणून तुला एवढंच बजावते. यापुढे असा कोणी वैमानिक शोध घेऊन परतला, शिडी उतरला, हेल्मेट काखेत मारून चौकशीच्या खोलीकडे निघाला, की तू दाराबाहेर थांबायचं. आत तो लिहीत असेल: वेळ किती, उंची किती, नाक कोणत्या दिशेला होतं, सूर्य कुठे होता, कॅमेरा कोणत्या पद्धतीवर लावलेला होता, विंगमनला तेच दिसलं का. सगळे रकाने भरून, खाली सही करून तो बाहेर येईपर्यंत तिथून हलायचं नाही. खोकायचंसुद्धा नाही.